टपाल तिकिटावरील बॉम जीझस आणि उतरवलेला गिलावा

पोर्तुगीज भारताच्या टपाल खात्याने १९३१ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या प्रदर्शनानिमित्त सहा तिकिटांची एक मालिका काढली. किमती तत्कालीन चलनात, म्हणजे तांगा आणि रेईस यांत होत्या. बारा रेईसांचा एक तांगा आणि सोळा तांग्यांचा एक रुपया, असा तो हिशेब. या मालिकेत संतांचे दर्शन घडतेच. एका तिकिटावर मात्र त्यांच्या अवशेषांना आश्रय देणारी वास्तू आहे, जुने गोवे येथील बॉम जीझस चर्च. तिकीट एकरंगी आहे आणि बोटांच्या चिमटीत मावेल एवढे लहान आहे. तिकिटे जमविणाऱ्यांना ते अपरिचित नाही. इतरांनी ते पाहण्याचे कारण वेगळे आहे. तिकिटावर चितारलेली वास्तू त्या वर्षी चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. पुढे वीस-एकवीस वर्षांतच तो गिलावा उतरवला गेला. आज गोव्यात येणारा प्रत्येक पाहुणा ज्या तांबड्या दगडी चर्चचे छायाचित्र घेऊन परततो, तो या वास्तूचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला अवतार होय.

त्या गिलाव्याचा प्रश्न आता वास्तूच्या आयुष्याशी येऊन भिडला आहे. त्यामुळे ही वास्तू कशी घडली, तिकिटावर का आली आणि तिची कांती कोणी व का उतरवली, हे एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

चिरा आणि वसईचा दगड

आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. मांडवीच्या काठावरील हे शहर पुढील शतकभर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी म्हणून भरभराटीला आले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा निरनिराळ्या संघांनी येथे आपापले मठ व चर्चे उभारली. जेझुइटांचे मठगृह, म्हणजे काझा प्रोफेसा, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यात पूर्ण झाले. त्याला लागून चर्चची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे अभिषेचन झाले. खर्चाचा मोठा वाटा जेरोनिमो माश्कारेन्हस यांच्या मृत्युपत्रातून आला. कोचीनचे कप्तान असलेले हे गृहस्थ १५९३ मध्ये वारले. त्यांचे स्मारकशिल्प चर्चच्या आतील भिंतीवर आजही आहे. पण बहुतेकांची पावले थेट संतांच्या समाधीकडे वळत असल्याने ते बिचारे दुर्लक्षितच राहते.

‘बॉम जीझस’ म्हणजे भला येशू. हे नाव बाळ येशूसाठी वापरले जाते आणि मुख्य वेदीवर बाळ येशूची मूर्ती आहे. तिच्यावर उभी असलेली भव्य मूर्ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. वास्तूची लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट आणि उंची ६१ फूट. जुन्या गोव्यातील इतर मोठ्या चर्चांप्रमाणे दर्शनी भागाला मनोरे नाहीत. घंटेचा मनोरा मागच्या अंगाला आहे. दर्शनी भाग थरांनी वर चढत जातो. तळाशी तीन दरवाजे, त्यांवर तीन मोठ्या खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे आणि सर्वांत वर नक्षीने भरलेला चौकोनी माथा. त्या माथ्यावर येशूच्या नावाची तीन अक्षरी ग्रीक खूण कोरलेली आहे. जेझुइटांनी ती आपल्या संघाची मुद्रा म्हणून स्वीकारली होती. पाश्चात्य वास्तुशास्त्रातील निरनिराळ्या स्तंभशैली या एकाच भिंतीवर एकत्र नांदतात.

या वर्णनात दोन दगड दडलेले आहेत आणि पुढची सगळी कथा त्यांच्या स्वभावभेदावर उभी आहे. भिंती स्थानिक जांभ्याच्या, म्हणजे गोव्यात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या चिऱ्याच्या. कोरीव कामासाठी वापरलेला काळा कठीण दगड मात्र जहाजांतून वसईहून आणला गेला. वसई त्या वेळी पोर्तुगिजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती जिंकली ती पुढे १७३९ मध्ये. वसईचा दगड म्हणजे बेसॉल्ट, तोच सह्याद्रीचा पाषाण. त्यावरची नक्षी चार शतकांनंतरही धारदार दिसते. चिऱ्याचे तसे नाही.

लोह आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा हा दगड पावसाळी उष्ण प्रदेशांत तयार होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारमध्ये तो पाहून १८०७ मध्ये त्याचे ‘लॅटराइट’ असे नामकरण केले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट, आणि हे नाव चपखल आहे. कारण खाणीतून काढताना चिरा विटेसारखा सहज कापता येतो आणि हवेत राहून कडक होतो. मात्र तो सच्छिद्र असतो. पाणी शोषतो, त्यातील मातकट भाग पावसाने धुऊन जातो आणि दगडाला खळगे पडत जातात. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. म्हणूनच चिऱ्याची भिंत बांधली की तिला चुन्याचा गिलावा करायचा, हा येथील गवंड्यांचा जुना रिवाज. त्यात दिखाऊपणा थोडा आणि निकड अधिक. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. पावसाचा मारा स्वतः झेलतो आणि झिजला की पुन्हा लावता येतो. झिजण्यासाठीच असलेले ते आवरण होय. से कॅथेड्रल, असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च, संत काजेतानचे चर्च ही जुन्या गोव्यातील शेजारची मंदिरे आजही त्याच शुभ्र वेषात उभी आहेत.

संत आणि त्यांची समाधी

नाव्हारमधील झेवियर किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मलेले फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. त्यानंतरच्या दहा वर्षांतील बहुतांश काळ ते प्रवासातच होते. मच्छीमार किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असा त्यांचा संचार झाला. चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. पार्थिव आधी मलाक्काला आणि तेथून १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला आणण्यात आले. म्हणजे ते वारले तेव्हा हे चर्च अस्तित्वातच नव्हते. त्याची पायाभरणी व्हायला बेचाळीस वर्षांचा अवकाश होता. उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेण्यात आला आणि तेथील जेझुइटांच्या मातृचर्चमध्ये, इल जेझूमध्ये, ठेवण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि १६२४ मध्ये पार्थिव बॉम जीझसमध्ये आले.

‘गोंयचो सायब’ म्हणून गोमंतकीय त्यांना ओळखतात आणि हा भक्तिभाव केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाही. मात्र त्यांच्या नावाशी गोव्याच्या इतिहासातील एक दुखरी बाजूही जोडलेली आहे. पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली होती. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, स्थापन झाले आणि १८१२ पर्यंत चालले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

समाधीची घडण हा एक स्वतंत्र प्रवासच आहे. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. तिच्यावरील ३२ पत्र्यांत संतचरित्रातील प्रसंग उठावाने साकारलेले आहेत. ती ज्यावर विराजमान आहे ते संगमरवर आणि रंगीत पाषाणांचे त्रिस्तरीय अधिष्ठान मात्र इटलीहून आले. संतांच्या मस्तकाखाली असलेली उशी टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याला भेट मिळाली होती. तिची परतफेड म्हणून त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून हे अधिष्ठान करवून घेतले. कामाला दहा वर्षे लागली. सुटे भाग समुद्रमार्गे गोव्याला आले आणि त्यांच्यासोबत आलेल्या प्लाचिदो राम्पोनी या कारागिराने १६९८ मध्ये ते जुळवून उभे केले. एका उशीच्या बदल्यात मेदिची घराण्याचे हे देणे! चांदीत कोरलेले गोमंतकीय कारागिरांचे कसब आणि त्याखालचे फ्लॉरेन्सचे संगमरवर, दोन्ही एकावर एक रचलेले येथे पाहता येतात.

पोर्तुगालने १७५९ मध्ये आपल्या सर्व प्रदेशांतून जेझुइटांना हाकलले. त्यांनी जाताना पार्थिवही नेले, अशा वावड्या उठल्या. त्या शमविण्यासाठी १७८२ च्या फेब्रुवारीत तीन दिवस पार्थिव लोकांना खुले करण्यात आले. शवप्रदर्शनाच्या सोहळ्याची सुरुवात अशी एका अफवेतून झाली.

रिकामे होत गेलेले शहर

चर्च उभे राहिले तेव्हा ते गजबजलेल्या राजधानीच्या मध्यभागी होते. पण वारंवारच्या साथींनी आणि हिवतापाने शहर पोखरले. व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि मग पणजीला राहू लागले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी १८३४-३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाल्याने मठ ओस पडले होते. घरे पडली, त्यांचे चिरे लोकांनी इतरत्र वाहून नेले आणि शहराच्या जागी माडांची राई उभी राहिली. उरली ती चर्चे. आणि त्यांतीलही सगळी नाहीत. बॉम जीझसच्या समोरच्या टेकडीवर, मोन्ते सांतोवर, ऑगस्टिनियनांचे प्रचंड चर्च होते. त्याचे छत १८४२ मध्ये कोसळले. सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग आणि दर्शनी भिंत कोसळली ती १९३१ मध्ये.

म्हणजे बॉम जीझसचे चित्र असलेले तिकीट ज्या वर्षी निघाले, त्याच वर्षी हाकेच्या अंतरावरील त्याचा शेजारी जमीनदोस्त होत होता. टपाल खात्याला अर्थातच त्याचे तिकीट काढण्याचे कारण नव्हते.

एका तिकिटामागची राजवट

पोर्तुगीज भारतात टपाल तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ पासून सुरू झाली. आरंभीची तिकिटे साधी, गोव्यातच छापलेली आणि आकड्यांपुरती होती. त्यानंतर राजांची चित्रे आली. १८९८ मध्ये वास्को द गामाच्या प्रवासाला चारशे वर्षे झाली म्हणून सर्व पोर्तुगीज वसाहतींसाठी एकसारखी मालिका निघाली. तिकिटावर कोणते चित्र यावे हे राजवट ठरवत असते. त्यामुळे तिकिटांचा संग्रह चाळला की त्या राजवटीची स्वतःविषयीची कल्पना उलगडत जाते.

१९३१ ची मालिका या दृष्टीने बोलकी आहे. लिस्बनमध्ये १९२६ च्या लष्करी उठावानंतर प्रजासत्ताक संपुष्टात आले होते आणि सालाझार अर्थमंत्री म्हणून सत्तेवर पकड बसवत होते. १९३० मध्ये ‘आक्तो कोलोनियाल’ हा वसाहतविषयक कायदा आला. त्याने वसाहतींतील लोकांना दुय्यम ठरवले आणि परप्रांतांवर राज्य करून तेथील लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हे पोर्तुगालचे ऐतिहासिक कार्य असल्याचे घोषित केले. या कायद्याने दुखावलेल्या गोमंतकीयांत सुशिक्षित ख्रिस्ती समाजही होता, हे विसरता येत नाही. अशा काळात संत झेवियर आणि त्यांचे चर्च तिकिटांवर झळकले. भाविकांनी ती तिकिटे भक्तीने पाकिटांवर चिकटवली असतील. सरकारचा हेतू त्याहून दूरवर पाहणारा होता, असे मानायला जागा आहे.

पुढील प्रदर्शने आणि जयंत्यांबरोबर अशा मालिका येत राहिल्या. बाणावलीत जन्मलेले आणि श्रीलंकेचे धर्मदूत म्हणून पुढे २०१५ मध्ये संतपदी पोहोचलेले जुझे वाझ यांच्या जन्माची तीनशे वर्षे १९५१ मध्ये पूर्ण झाली. त्या निमित्ताच्या तिकिटांपैकी एकावर सांकवाळच्या चर्चचे अवशेष दिसतात. त्यांचे बालपण सांकवाळलाच गेले होते. त्या चर्चची उरली आहे ती केवळ दर्शनी भिंत. १९५२ मध्ये संत झेवियर यांच्या निधनाला चारशे वर्षे झाली तेव्हा त्यांची मूर्ती, त्यांचा हात आणि समाधी अशी चित्रे असलेली तिकिटे निघाली. बॉम जीझसला पोप पायस बारावे यांनी १९४६ मध्ये बॅसिलिकेचा दर्जा दिला होता. त्यामुळे १९५२ च्या सोहळ्याची तयारी मोठी होती, आणि याच तयारीच्या काळात वास्तूचा गिलावा उतरला.

कांती उतरवणारा वास्तुविशारद

हे काम पोर्तुगालहून आलेले वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या सूचनेवरून झाले. पोर्तुगालमध्ये १९२९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय इमारती व स्मारके खात्यात त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. त्या खात्याची एक ठरलेली पद्धत होती. जुन्या चर्चांवर नंतरच्या शतकांत चढलेली पुटे काढून टाकायची, गिलावा खरवडायचा आणि मूळ दगडाला ‘शुद्ध’ रूपात लोकांसमोर आणायचे. इमारत जितकी जुनी आणि उघडी दिसेल तितका राष्ट्राचा भूतकाळ भव्य वाटेल, ही त्यामागची भूमिका. उत्तर पोर्तुगालमधील मध्ययुगीन चर्चे ग्रॅनाइटची आहेत. ग्रॅनाइटला हे उघडेपण परवडते.

या अभिरुचीवर युरोपातच फार आधी टीका झाली होती. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचे बोलीतील नावच ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचे पडले होते. कारण जुनी चर्चे खरवडून नवी-जुनी करण्याचे वेड तेव्हा शिगेला पोहोचले होते. तीन पिढ्यांनंतर तेच वेड गोव्यात आले आणि येथे गाठ पडली चिऱ्याशी. सांकवाळच्या पडक्या भिंतीला तिकिटावर मान मिळतो आणि धडधाकट बॉम जीझसला पडक्यासारखे रूप दिले जाते, हे दोन्ही एकाच सुमारास घडावे, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. उघडा, जुनाट, पावसाने काळवंडलेला दगड हीच प्राचीनतेची खूण, अशी ती समजूत होती. ज्या कारागिरांनी १६०५ मध्ये ही वास्तू पूर्ण केली, त्यांना ही समजूत अजब वाटली असती. त्यांच्या लेखी चिरा हे हाड होते आणि गिलावा ही कातडी.

दुसरे तिकीट

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. टपालाचा कारभार दहा दिवसांत बदलला. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटे लागू झाली. जुन्या तिकिटांना ५ जानेवारी १९६२ पर्यंत मुभा होती, त्यानंतर ती केवळ संग्राहकांची झाली. मुक्तीनंतरचे पहिले शवप्रदर्शन १९६४ मध्ये झाले आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ते होत आले आहे.

१९७४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या प्रदर्शनाच्या काळात, २४ डिसेंबर रोजी, भारतीय टपाल खात्याने २५ पैशांचे एक तिकीट काढले. त्यावर बॉम जीझसमधील संतांची समाधी आहे. चर्चचा दर्शनी भाग येथे नाही. नजर थेट आत, चांदीच्या पेटीकडे नेलेली आहे. त्यामागे काय विचार होता याची नोंद तिकिटावर असत नाही. पण एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. हे तिकीट निघाल्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यावर पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी आणि भारताच्या वतीने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी स्वाक्षऱ्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्या दिवशी मान्य केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली होती, म्हणून हे शक्य झाले. तेरा वर्षे ताणलेला वाद मिटला.

एकाच चर्चच्या दोन तिकिटांमध्ये अशी त्रेचाळीस वर्षे आहेत. पहिले तिकीट वसाहतीचे कार्य मिरवणाऱ्या सरकारचे. दुसरे, त्या धर्मपरंपरेला आपल्याच देशाच्या वारशात सहज स्थान देणाऱ्या प्रजासत्ताकाचे. समाधीतील पेटी दोन्ही वेळी तीच. बाहेरची भिंत मात्र मधल्या काळात बदललेली.

गिलावा पुन्हा करावा काय?

१९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्चे आणि मठ’ या नावाने जुन्या गोव्यातील वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. देखभालीची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे. उपासना आणि दैनंदिन व्यवहार चर्चकडे. दोन धन्यांच्या घराला जी अडचण असते ती येथेही अधूनमधून जाणवते. २०२० मध्ये बॅसिलिकेच्या तत्कालीन रेक्टरांनी जाहीरपणे इशारा दिला की उघडा चिरा पावसात झिजत आहे, ओल आत उतरत आहे आणि वास्तूला पुन्हा गिलावा करणे हाच उपाय आहे. तेव्हापासून हा विषय गोव्यात वरचेवर चर्चेत येतो.

विरोधकांचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. तीन पिढ्यांनी हे चर्च तांबडेच पाहिले आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत तेच रूप रुजले आहे. जागतिक वारशाचा मान मिळाला तोही याच रूपात. वास्तूच्या इतिहासात १९५० नंतरचा काळही इतिहासच आहे आणि प्रत्येक पिढीने आपल्याला रुचेल ते ‘मूळ रूप’ परत आणायचे ठरवले, तर कास्त्रो यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय, असा प्रश्न ते विचारतात. शिवाय गिलावा म्हणजे हल्ली सिमेंट, अशी सार्वत्रिक समजूत झाली आहे. सिमेंटचा घट्ट लेप चिऱ्यावर चढवला तर ओल आत कोंडून भिंत आतूनच सडेल. तो उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता मोजकेच उरले आहेत आणि ते काम दर काही वर्षांनी पुन्हा करावे लागते.

तरीही या वादात सौंदर्यदृष्टी आणि दगडाचा स्वभाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तांबडे चर्च सुंदर दिसते, याविषयी दुमत नाही. संध्याकाळच्या उन्हात ते पाहणारा गिलाव्याची मागणी सहसा करणार नाही. पण चिरा उघडा टिकत नाही, हे गोव्यातील कोणताही गवंडी सांगेल आणि शेजारची शुभ्र चर्चे त्याची साक्ष देतात. नवे रूप जपायचे तर पावसापासून रक्षणाचा दुसरा खात्रीचा मार्ग दाखवावा लागेल. तो न दाखवता केवळ सवयीच्या बळावर भिंत उघडी ठेवणे म्हणजे चर्चच्या छायाचित्रासाठी चर्चचा बळी देण्यासारखे आहे.

येथे जुन्या चित्रांची साक्ष उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकापासूनची छायाचित्रे, त्याआधीची रेखाटने आणि सांदीकोपऱ्यांत शिल्लक राहिलेले चुन्याचे थर ही त्यातील मुख्य साधने. १९३१ च्या तिकिटाचे मोल यांच्या तुलनेत लहान. एका रंगाच्या छपाईत भिंत पांढरी की पिवळसर हे कळत नाही; गिलावा कोणत्या भागावर किती जाड होता हेही नाही. पण अधिकृत, तारखेनिशी छापलेले आणि हजारो पाकिटांवरून जगभर गेलेले ते चित्र एवढे नक्की सांगते की त्या वेळच्या राजवटीने ज्या चर्चचा गौरव करायचा ठरवला, ते गिलाव्यातले चर्च होते. उघड्या दगडाचे चर्च तेव्हा कोणी पाहिलेलेच नव्हते.

पणजीहून साधारण दहा किलोमीटरवर असलेल्या या वास्तूत दर ३ डिसेंबरला संतांचे फेस्त भरते आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. सांगे, काणकोणपासून भाविक पायी येतात. सिंधुदुर्ग आणि बेळगावकडूनही लोक येतात. अठरावे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दहा वर्षांचा शिरस्ता पाळला गेला तर पुढचे २०३४ मध्ये होईल. तोवर या भिंतींवरून आणखी काही पावसाळे गेलेले असतील. चर्चमध्ये प्रवेश करणाऱ्याने दारात क्षणभर थांबून आधी बाहेरच्या भिंतीकडे आणि मग आतल्या भिंतीकडे पाहावे. पावसापासून सुरक्षित असलेली आतली भिंत आजही गिलाव्यात आहे. पाऊस झेलणारी बाहेरची भिंत तेवढी उघडी आहे.